अठराची हवा, वीस लिटरचे जार: सोलापूरहून वाळवंटातली रॅली बघायला जाताना

माझं सोलापुरात होटगी रोडला टायरचं दुकान आहे. "मालक, हवा किती मारू?" हा प्रश्न मी गेली वीस-एकवीस वर्षं रोज विचारतोय. आमच्या ग्रुपमध्ये पाच जण आहेत. एक टॉवेलच्या कारखान्यात, एक ट्रॅव्हल्सच्या धंद्यात, एक डॉक्टर, चौथा माझा मेहुणा, तो गावाकडं शेती बघतो, आणि पाचवा मी. दोन गाड्या घेऊन आम्ही पहिल्यांदा जैसलमेरकडं मोटरसायकली आणि चारचाकींची रॅली बघायला गेलो आणि वाळूनं आम्हाला दोन दिवसांत बरंच शिकवलं. त्यानंतर चार वेळा गेलोय. आता दुकानात येणारी पोरं विचारतात, "काका, आम्ही पण निघालोय, काय काय घेऊ?" काउंटरवर उभं राहून हे सांगून होत नाही. म्हणून इथं एकदाच सगळं लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सोलापूरच्या माणसाला ऊन, धूळ आणि पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांत आपण कामं करतो आणि चार दिवसांआड येणारं पाणी पुरवून वापरतो. वाळवंटातली ही अर्धी तयारी आपली जन्मापासून झालेली आहे. उरलेली अर्धी म्हणजे थंडी आणि वाळू, आणि नेमकी तीच आपण घरी ठेवून जातो.

जायचं कधी, कसं

वाळवंटात मुक्काम करायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रॅलीच्या तारखा दर वर्षी बदलतात, एखाद्या वर्षी पुढं ढकलतात, म्हणून आयोजकांनी तारीख जाहीर केल्याशिवाय रजा टाकू नका. जानेवारीचा मध्य असेल तर घरी आधी विचारा. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा सोडून गाडी घेऊन राजस्थानात गेलेला माणूस घरात वर्षभर ऐकून घेतो.

वाळवंटात शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री मिळाव्यात म्हणून आम्ही बुधवारी पहाटे चारला निघतो. मुंबईची गर्दी नको म्हणून तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगरवरून धुळे, तिथून नवापूरमार्गे सुरत आणि मग अहमदाबाद. पुढं सांचोर, बाडमेर, जैसलमेर. सगळं मिळून साधारण १५०० किलोमीटर पडतं. एका दमात मारायचा नाद करू नका. पहिला मुक्काम सुरत-बडोद्याच्या आसपास, दुसरा बाडमेरला, शुक्रवारी दुपारी जैसलमेरमध्ये. ज्यांना एवढी रजा नाही त्यांनी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई गाठावी आणि तिथून रेल्वे किंवा विमान बघावं. गाड्या आधी गेलेल्या असल्या की मागून आलेल्यांना फक्त स्वतःची पिशवी आणावी लागते.

एकट्या गाडीनं वाळूत उतरायचं नाही. दोन गाड्या हव्यातच, कारण रुतलेली गाडी ओढायला दुसरी लागते. फोर बाय फोर नसेल तरी रॅली बघता येते. साधी गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला कडक जमिनीवर लावा आणि पुढं चालत जा. आमच्या दोनपैकी एक गाडी अशीच साधी आहे, आणि ती आजवर एकदाही रुतलेली नाही.

बघायचं काय असतं

क्रॉस-कंट्री रॅली म्हणजे गोल फिरणारी शर्यत नव्हे. गाड्या एकेक करून सुटतात, मध्ये एक-दोन मिनिटांचं अंतर. सहसा आधी मोटरसायकली, मग चारचाकी. ज्या टप्प्यात घड्याळाशी खरी झुंज असते त्याला स्पेशल स्टेज म्हणतात, आणि एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजपर्यंत साध्या रस्त्यानं जायचं ते लिएझन. वाट दाखवणारं असतं फक्त रोडबुक: इतक्या किलोमीटरवर डावीकडं वळा, इतक्यावर खड्डा, इतक्यावर कुंपण. चारचाकीत हे वाचायला शेजारी नेव्हिगेटर असतो. मोटरसायकलवाल्याला उभ्यानं गाडी चालवता चालवता ते स्वतःच वाचावं लागतं.

या खेळाचं मूळच वाट हरवण्यात आहे. थिएरी साबिन नावाचा फ्रेंच मोटरसायकलस्वार १९७७ साली एका रॅलीत लिबियाच्या वाळवंटात हरवला होता. वाचून परत आला आणि त्यानं पॅरिस ते डकार ही रॅली सुरू केली. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून ती पहिल्यांदा सुटली. आता ती सौदी अरेबियात होते. २०१५ साली सी. एस. संतोष हा ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला आणि २०२४ साली हरिथ नोहानं मोटरसायकलींचा रॅली-२ गट जिंकला, एकूण क्रमवारीत अकरावा आला. आमच्या डॉक्टरला हे सगळं तोंडपाठ आहे. त्याच्याच नादानं आम्ही पहिल्यांदा गेलो.

शुक्रवारी जैसलमेरला पोचलात की आधी गाड्यांची तपासणी चालते तिथं जा. तिथं गाड्या उभ्या असतात, जवळून बघता येतात, मेकॅनिक मोकळेपणानं बोलतात. मी तासभर फक्त टायरच बघत होतो. मुख्य काम म्हणजे तिथूनच प्रेक्षकांच्या जागांचा नकाशा आणि रस्ता बंद व्हायच्या वेळा घ्या. स्टेजचा रस्ता पहिली गाडी सुटायच्या बराच आधी बंद होतो. उशिरा पोचलात तर दिवस गेला.

हवा

आता माझ्या विषयाकडं येतो.

डांबरी रस्त्यावर तुमच्या गाडीची हवा ३२ ते ३५ पीएसआय असेल. तीच हवा ठेवून वाळूत उतरलात तर टायर कडक राहतो, थोडीशीच वाळू पकडतो आणि सुरीसारखा आत शिरतो. हवा काढून १८ वर आणली की टायरची बूड पसरते, जमिनीला टेकलेला पट्टा लांब होतो आणि गाडीचं वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. उंटाचा पाय आठवा, टेकताना तो असाच पसरतो. भुसभुशीत टेकडी असेल तर १५. बाराच्या खाली मी कुणालाही जाऊ देत नाही, आणि त्याचं कारण सांगतो.

पहिल्याच वर्षी ट्रॅव्हल्सवाल्या मित्रानं माझं लक्ष नसताना पुढच्या चाकाची हवा आठवर नेली. कमी केली की चालते, मग अजून कमी केली की अजून चालेल, असा त्याचा हिशेब. टेकडीच्या उतारावर त्यानं स्टेअरिंग जोरात फिरवलं आणि टायरची कड रिममधून सुटली. गेजवर शून्य. आतमध्ये मूठ-मूठ वाळू भरली होती. भर दुपारी जॅकखाली लाकडी फळी घालून, रिमची कड फडक्यानं पुसत, वाळूचा कण न् कण काढत मी तो टायर परत बसवला. दुकानात दहा मिनिटांचं काम. तिथं पावणेदोन तास लागले. जॅकखाली फळी नसती तर जॅकच वाळूत गेला असता, म्हणून दोन फूट लांब-रुंद जाड प्लायवुडचा तुकडा यादीत सगळ्यात वर लिहा.

कमी हवेवर तीस-चाळीसच्या वर वेग नाही, कचकन वळण नाही, कचकन ब्रेक नाही. थांबायचं असेल तर पाय काढा, गाडी आपोआप थांबते, आणि थांबताना तोंड उताराकडं ठेवा म्हणजे परत निघायला सोपं जातं. टेकडी चढायची तर सरळ, उतरायची तरी सरळ. तिरकी घातलेली गाडी आडवी होते. माथ्यापलीकडं काय आहे ते आधी चालत जाऊन बघून या. सकाळची वाळू दवानं घट्ट असते, दुपारची सुटी होते. काल सकाळी चढलेली टेकडी आज दुपारी चढेलच असं धरू नका.

चाक फिरायला लागलं आणि गाडी पुढं सरकेना, की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. अजून दाबलंत तर प्रत्येक फेऱ्याला गाडी चार बोटं खाली जाते आणि शेवटी पोट टेकते. उतरा, हवा अजून दोन-तीननं कमी करा, चारही चाकांपुढची वाळू फावड्यानं काढा, पोटाखालचीही काढा. मग चाकापुढं रिकव्हरी ट्रॅक, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या, घाला. ते नसतील तर जाड पोती. रबरी पायपुसणी घालू नका, चाक त्यांना मागं भिरकावतं.

दोर लावायची वेळ आली तर तो गाडीच्या ओढायच्या हुकालाच लावा. मागं ट्रेलरसाठी जो गोळा असतो त्याला कधीही नाही. ताणाखाली तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो. दोराच्या मधोमध एक जाड सोलापुरी चादर चौपदरी करून टाका. दोर तुटलाच तर चादरीच्या वजनानं तो जमिनीवर पडतो, हवेत उसळत नाही. बाकीच्यांनी दोराच्या दीडपट लांबीवर उभं राहायचं. आमच्या गाडीत त्यासाठी वेगळी जुनी चादर असते, निळ्या मोराची.

कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यानं लागणारा घ्या. सिगारेट लायटरमध्ये घालायचा छोटा पंप मोठ्या टायरला दमतो. हवा भरताना इंजिन चालू ठेवा. आणि गेज. स्वस्तातले गेज चार-पाचनं चुकतात, आणि अठराच्या हिशेबात चार-पाचची चूक म्हणजे सगळंच चुकलं. निघायच्या आधी कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडं जाऊन तुमचा गेज त्याच्या गेजशी ताडून बघा. माझ्याकडं आलात तर पैसे लागत नाहीत.

तंबू आणि थंडी

सोलापूरचा जानेवारी म्हणजे पहाटे १५-१६ अंश. तेवढ्यात आपण कानटोपी काढतो. जैसलमेरला पहाटे सात-आठ ही रोजची गोष्ट, थंडीची लाट आली तर दोन-तीन. दुपारी मात्र चोवीस-पंचवीस, अंगात टी-शर्ट. यामुळंच माणूस फसतो. दुपारी उकडतंय म्हणून स्वेटर गाडीत खाली दाबून ठेवतो आणि सूर्य गेल्यावर तासाभरात दात वाजायला लागतात.

पहिल्या रात्री आम्ही माणशी दोन चादरी घेऊन झोपलो होतो. अंगावर दोन्ही, खाली नुसती ताडपत्री. थंडी वरून येते असं आम्हाला वाटत होतं. ती खालून येते. दुपारी तापलेली वाळू मध्यरात्रीपर्यंत गार पडते आणि अंगातली ऊब ओढून घेते. दोन वाजता मेहुणा उठून बसला, "भावजी, पाठ बधिर झाली." मग आम्ही सगळ्यांनी एकेक चादर खाली घेतली आणि गाडीतली पोती तिच्याखाली घातली. तेव्हापासून नियम असा: पांघरुणाइतकंच अंथरूण. खाली फोमची मॅट, तिच्यावर चादर, मग स्लीपिंग बॅग आणि वरून दुसरी चादर. सोलापुरी चादर सुती आहे, जाड आहे, वाळू झटकली की निघते, पण पाच अंशांत ती एकटी पुरत नाही. डोक्याला आणि पायाला लोकर हवी.

तंबूत शेगडी, कोळसा, चालू गॅस काहीही नाही. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणंही नाही. आमचा डॉक्टर एरवी कशालाच नाही म्हणत नाही, पण या दोन गोष्टींवर तो आवाज चढवतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

तंबूचे साधे खिळे वाळूत धरत नाहीत, वाऱ्याच्या पहिल्या झोतात निघतात. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या न्या. पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि हातभर खोल आडवी पुरायची. मग वारा कितीही येऊ दे. दोन्ही गाड्या काटकोनात लावून वाऱ्याकडून आडोसा करा, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत निवारा वाटतो, पण रात्री गार हवा तिथंच उतरून बसते. थोडी वरची, सपाट जागा बघा.

रॅलीच्या काळात अजून एक काळजी. रात्री सर्व्हिसच्या गाड्या, सामानाचे ट्रक, कुणाकुणाच्या जीप इकडून तिकडं फिरत असतात आणि वाळूत रस्ता असा काही नसतो. चाकांच्या खुणा दिसतात तिथं तंबू नको. तंबूच्या दोन्ही बाजूंना उंच काठीवर एकेक दिवा रात्रभर चालू ठेवा. सकाळी बूट घालायच्या आधी उलटे करून आपटा. विंचू थंडीत ऊब शोधतो, आणि आपल्याकडचं फुरसं त्या वाळूतही आहे. रात्री लांब जाताना बॅटरी पायापुढं मारत जा.

शौचासाठी मुक्कामापासून शंभर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा, काम झालं की बुजवायचा. कागद मात्र पिशवीत परत. कोरड्या वाळूत कागद कुजत नाही आणि वारा त्याला उघडा पाडतो.

पाणी, भाकरी, सरपण

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. पाच माणसं, दोन दिवस, म्हणजे ५० लिटर. वर एक दिवसाचं जादा आणि हात-तोंड, भांड्यांचं धरून आम्ही वीस लिटरचे पाच जार नेतो. ते दोन गाड्यांत वाटून ठेवतो. एका गाडीला काही झालं तर सगळं पाणी तिच्यात अडकू नये. जैसलमेर सोडताना डिझेलची टाकी फुल करा, ते पुढं मिळेल म्हणून ठेवू नका.

जेवणाच्या बाबतीत सोलापूरकरांनी कुणाकडं बघायची गरज नाही. कडक भाकरी वाळवंटासाठीच जन्माला आली असावी. पापडासारखी पातळ, खडखडीत वाळलेली, पंधरा दिवस हलत नाही. रात्री गरम आमटी करायची, भाकरी हातानं चुरायची, वर आमटी ओतायची, दोन मिनिटं झाकायची. बरोबर शेंगाची चटणी आणि कांदा. शेंगापोळ्या आठ दिवस टिकतात, त्या रॅली बघताना खिशात. पहिल्या दिवसाला धपाटे. भांडी कमी पडतात, पाणी कमी लागतं, गॅसची एक शेगडी पुरते. फक्त भाकरी कडक डब्यातच न्या. माझ्या बायकोनं पहिल्यांदा पिशवीत दिल्या होत्या, धुळ्यापर्यंत त्यांचा भुगा झाला.

सरपण तोडू नका. तिथं जे झाड सगळीकडं दिसतं, ज्याला ते खेजडी म्हणतात, ती आपली शमी आहे. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. तिथली माणसं तिच्या शेंगांची भाजी खातात, पाला शेळ्या-उंटांना घालतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं वाचवताना बिश्नोई समाजाच्या ३६३ लोकांनी प्राण दिले. आपण कॅम्पफायरसाठी तिची फांदी मोडायची हे मनाला पटत नाही. शेकोटी हवीच असेल तर गावातून लाकूड विकत घ्या आणि सकाळी राख गार झाल्यावर बुजवा. मुक्कामाच्या जागेबद्दल जवळच्या ढाणीवर, म्हणजे तिकडच्या छोट्या वस्तीवर, जाऊन विचारा. जी जागा आपल्याला ओसाड वाटते ती कुणाचं तरी शेत किंवा गायरान असतं. आम्ही एकदा विचारायला गेलो तेव्हा तिथल्या आजीनं चहा दिला. आम्ही त्यांना कडक भाकरी दिली, त्यांनी ती कानाजवळ धरून मोडली आणि आवाज ऐकून हसल्या.

उभं कुठं राहायचं

हे सगळ्यात नीट वाचा.

चालवणाऱ्याला टेकडीच्या माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. तो वेगात येतो, माथ्यावर गाडी हवेत जाते आणि मग ती कुठं उतरेल हे त्याच्याही हातात फारसं नसतं. फोटो सगळ्यात भारी तिथूनच येतो, आणि म्हणूनच माणसं तिथं जाऊन उभी राहतात. माथ्याच्या खाली, उताराच्या समोर कधीही उभं राहू नका. वळणाच्या बाहेरच्या बाजूलाही नाही. ताबा सुटलेली गाडी बाहेरच फेकली जाते. वळणाच्या आतल्या बाजूला, वाटेपासून बरंच मागं आणि उंचावर जागा धरा. पळायला पाठीमागं मोकळी जागा हवी. वारा कुठून येतो ते मूठभर वाळू सोडून बघा आणि तो येतो त्याच बाजूला राहा, नाहीतर पहिल्या गाडीनंतर फक्त धूळ दिसेल.

दुसऱ्या वर्षी आमचा ट्रॅव्हल्सवाला कॅमेरा घेऊन अशाच एका उताराखाली गेला. मार्शलनं, म्हणजे वाटेवर लक्ष ठेवणाऱ्या रॅलीच्या माणसानं, शिट्टी मारली, हातानं वर यायला सांगितलं. हा कुरकुरत, पण आला. थोड्या वेळानं एक जिप्सी माथ्यावरून उडाली, नाकावर उतरली, डावीकडं सरकली, सावरली आणि गेली. पुढच्या गाडीला वेळ होता. आम्ही वरूनच बघितलं: वाळूत त्याच्या चपलांचे ठसे होते आणि टायरची ओळ त्यांच्यापासून दोन हातांवर होती. मी टायरवाला आहे, ती नक्षी मला लांबून ओळखू येते. त्यानं त्या दिवशी परत कॅमेरा काढला नाही.

मार्शलची शिट्टी म्हणजे वाटेपासून लांब. दोन गाड्यांमध्ये शांतता वाटते म्हणून वाट ओलांडायची नाही. कुणाची गाडी रुतली तर धावत जाऊन ढकलू नका, आधी मार्शलला विचारा. बाहेरच्या मदतीचे नियम असतात, आणि मागून दुसरी गाडी येत असते. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.

पहाट चुकवू नका. तिकडं सूर्य आपल्यापेक्षा उशिरा येतो, जानेवारीत जवळजवळ साडेसातला. आम्ही अंधारातच थर्मासमध्ये चहा घेऊन जागेवर जातो. आधी काहीच नसतं. शेळ्यांच्या घंटा तेवढ्या ऐकू येतात. मग कुठून तरी माशी घोंगावल्यासारखा आवाज. तो विरतो, परत येतो, कारण मोटरसायकल टेकड्यांच्या आड जात-येत असते. मग माथ्यावर एकदम तो माणूस दिसतो, फूटपेगवर उभा, गुडघे वाकलेले, मान किंचित खाली रोडबुककडं. उतारावर मागचं चाक डावी-उजवीकडं मारतं आणि तो ते मारू देतो, हँडल घट्ट धरत नाही. चार-पाच सेकंदांत दिसेनासा होतो. त्या सेकंदांसाठी १५०० किलोमीटर यायला मला काही वाटत नाही.

माळढोक

मी लहान असताना वडिलांनी सायकलवर पुढं बसवून नान्नजला नेलं होतं. गवताळ माळ, आणि लांब एक उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाटलासारखा सावकाश चालणारा. १९७९ साली आपल्याकडं अभयारण्य झालं ते या पक्ष्यासाठी. आज नान्नजच्या माळावर काळवीट दिसतं, लांडगा दिसतो, माळढोक दिसेल याची आशा धरून जाता येत नाही. देशात जे थोडे उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला आहेत. तिथं ३१६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, सम आणि खुहडीच्या टेकड्याही त्याच टापूत येतात. माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. मोकळा माळ दिसला म्हणून त्यावर गाडी पळवणाऱ्याला ते अंडं दिसणारही नाही.

म्हणून उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, मुक्काम कुठं चालतो ते वनखात्याच्या माणसाला विचारायचं, आणि कुठंही असलात तरी पडलेल्या चाकोरीतूनच गाडी न्यायची. वाळूत खेळायचं तर झाडझुडूप नसलेल्या, सगळे जातात त्याच टेकडीवर. गवताचा माळ सोडून द्या. आपण सोलापूरचे, आपल्या माळावरून हा पक्षी जाताना आपण बघितलाय.

पुढं सीमा आहे हेही लक्षात ठेवा. आधार कार्ड खिशात, ड्रोन घरी. सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवान्याशिवाय चालत नाही. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि मुक्कामाच्या जागेची खूण त्यात टाका.

परत निघताना

रविवारी दुपारी डांबर लागलं की कडेला थांबा. कितीही घाई असली तरी आधी हवा. अठराच्या हवेवर हायवेला ऐंशीनं गेलात तर टायरची बाजू तापते आणि फुटतो. व्हॉल्व्हची टोपी काढली की पिन दाबून एकदा फुस्स करून आतली वाळू उडवा, मग नळी लावा. एका टायरला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कचरा मोजून गाडीत आहे का बघावं. आम्ही नेलेल्या पिशव्या मोजतो आणि आणलेल्या पिशव्या मोजतो. टोप्या शर्टाच्या खिशात ठेवा, बॉनेटवर ठेवलेल्या हमखास हरवतात. जादा आठ-दहा बरोबर असू द्या.

बाडमेरला किंवा पुढं कुठंही गाडी खालून धुऊन घ्या, ब्रेकमध्ये वाळू बसलेली असते. सोलापुरात आल्यावर एअर फिल्टर बदला, नुसता झटकून भागत नाही. आणि टायर एकदा काढून आतून बघा. मी दर वेळी काढतो. पार अहमदाबाद, धुळे, बीड करून आल्यावरही रिमच्या कडेला बोटभर पिवळी वाळू सापडतेच.